योद्धा स्त्री आणि बिबट्या: दोघं एकाच चित्रात का बसत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १६ बाय २० इंचाचा कॅनव्हास, तैलरंग, कल्पनारम्य योद्धा स्त्री आणि तिच्या शेजारी बिबट्या. ती एकटी बघितली तर बरी, बिबट्या एकटा बघितला तर बरा, पण दोघं मिळून कुठून तरी कापून चिकटवल्यासारखे दिसतात. त्याची फर गालिच्यासारखी झाली आहे. आणि पोशाखाचं काय करावं ते कळत नाही, कारण नेटवर जे संदर्भ मिळतात त्यातल्या सगळ्या योद्ध्या पत्र्याच्या चोळीत लढायला निघालेल्या आहेत.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत तिचा डावा हात बिबट्याच्या मानेवर ठेवलेला आहे. म्हणजे, ठेवलेला आहे असं आपण समजून घ्यायचं. चारही बोटं शेंड्यापर्यंत दिसतात, नखं दिसतात, खाली सावली नाही, केस दबलेले नाहीत. हात मानेच्या पुढे हवेत आहे. चित्र फाटलंय ते इथे. बाकीच्या तक्रारी याच्या मागोमाग येतात.

अशा चित्रात दोन जीव एकमेकांना जिथे टेकतात ती जागा आधी ठरवायची, आधी रेखाटायची आणि रंगवायचीही आधी. चेहरे नंतर. बहुतेक जण उलटं करतात: आधी तिचा चेहरा, मग बिबट्याचा चेहरा, मग उरलेल्या जागेत हात. त्या क्रमाने दोन स्वतंत्र पोर्ट्रेट तयार होतात आणि त्यांच्यात मांडवली करायला बिचाऱ्या हाताला पाठवलं जातं.

पण हात का टेकत नाही, याचं कारण पुष्कळदा ब्रशात नसतं, संदर्भाच्या फोटोंत असतं. बिबट्याचे चांगले फोटो लांबून, ४०० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या लेन्सने काढलेले असतात. इतक्या लांबून नाकापासून कानापर्यंतचं अंतर दबतं, प्राणी चपटा दिसतो. मैत्रिणीचा फोटो मात्र आपण मोबाइलने, हातभर अंतरावरून काढतो. त्यात नाक पुढे येतं, कान आणि खांदे मागे पळतात. हे दोन फोटो शेजारी ठेवून कितीही मन लावून रंगवा, काहीतरी खटकत राहतं आणि काय ते बोट ठेवून सांगता येत नाही. उपाय फुकटचा आहे. मैत्रिणीला चार-पाच मीटर लांब बसवा आणि झूम करून फोटो काढा.

दुसरी गडबड नजरेच्या पातळीची. प्राणिसंग्रहालयात आपण कठड्याशी उभं राहून खाली बघतो, त्यामुळे बिबट्याची पाठ दिसते. माणसाचा फोटो आपण छातीच्या किंवा डोळ्याच्या उंचीवरून काढतो. तुमच्या चित्रात बिबट्याच्या पाठीवरचे ठिपके वरून दिसतात आणि तिची हनुवटी खालून दिसते. एका चित्राला दोन क्षितिजं झाली.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी बिबट्या निवडायचा, मग तिला त्याच्या हिशेबाने बसवायचं. मैत्रिणीला ‘जरा डावीकडे वळ’ म्हणता येतं, बिबट्याला नाही. बिबट्याच्या फोटोत प्रकाश कुठून येतोय, कडक आहे की ढगाळ, कॅमेरा जमिनीपासून किती वर आहे, हे कागदावर लिहून काढा आणि तीच परिस्थिती गच्चीवर उभी करा. पुण्यात जुलै-ऑगस्टमधल्या झाकोळलेल्या दुपारी गच्चीवर जो मऊ प्रकाश मिळतो तो जंगलातल्या ढगाळ फोटोंशी छान जुळतो. बिबट्याच्या पाठीवर सोनेरी कड असेल तर थंडीच्या दिवसांत साडेपाचच्या सुमाराला तिला पश्चिमेकडे पाठ करून बसवा. ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो मात्र कशाशीच जुळत नाही, त्याच्या नादी लागू नका.

कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जाऊन या (बुधवारी बंद असतं), पण मोबाइलपेक्षा रेखाटनवहीवर भर द्या. दुपारी बिबट्या झोपलेला सापडेल आणि लोक हळहळतील. आपण खूश व्हायचं, इतका वेळ स्थिर राहणारं मॉडेल पैसे देऊनही मिळत नाही. फ्रेंच चित्रकार देलाक्रवा आणि शिल्पकार बारी हे दोघं पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन सिंह-वाघ रेखाटत असत. तिथला एक सिंह मेला तेव्हा ते त्याचाही अभ्यास करायला गेले होते. आपल्याला तितकं करायची गरज नाही. (जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, पण ते प्राण्यांसाठी आहे, आपल्या रेखाटनांसाठी नाही. आणि ऊसपट्ट्यात ‘लाइव्ह संदर्भ’ शोधत फिरणं हा शुद्ध वेडेपणा आहे.)

तिथे बघायचं काय? खांदे. मांजरकुळातल्या प्राण्यांचे पुढचे पाय छातीच्या सांगाड्याला हाडांच्या सांध्याने जोडलेले नसतात, स्नायूंनी धरून ठेवलेले असतात. त्यामुळे दबा धरून चालताना खांद्याची फरी (चपटं हाड) पाठीच्या रेषेच्या वर येते आणि पाऊल पुढे टाकलं की खाली सरकते. तुमच्या बिबट्याची पाठ मानेपासून शेपटीपर्यंत एकच सरळ रेघ आहे, म्हणून तो पेंढा भरलेला वाटतो. मागच्या पायात जो ‘उलटा गुडघा’ दिसतो तो गुडघा नाही, टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाशी असतो. आणि डोळे: तुम्ही उभी फट असलेली बाहुली काढली आहे. ती घरच्या मांजराची. बिबट्या, वाघ, सिंह यांची बाहुली गोल असते. एवढा एक बदल केलात तरी बोका जाऊन बिबट्या येईल.

जबडा उघडा ठेवायचा विचार असेल तर सांभाळून. नेटवरच्या ‘डरकाळी फोडणाऱ्या’ पुष्कळ फोटोंत प्राणी जांभई देत असतो. डोळे मिटलेले, नाक सपाट. खरंच गुरगुरताना कान मागे दबतात, नाकावर वळ्या पडतात, डोळे बारीक होतात. बरं, शेजारी बाई निवांत बसलेली आणि बिबट्या दात विचकतोय, तर तो नेमका कुणावर चिडलाय हे चित्रात कुठेतरी दिसायला हवं. मी तोंड मिटलेलं ठेवायला सांगेन.

आता माप. बिबट्याची खांद्यापाशी उंची साधारण ६० ते ७० सेंटिमीटर. खुर्चीची बैठक सुमारे ४५ आणि जेवणाचं टेबल सुमारे ७५ सेंटिमीटर उंच असतं, म्हणजे त्या दोन्हींच्या मधे. पाच फूट चार इंच उंचीच्या बाईच्या मांडीपर्यंत तो येतो. तुमचा कमरेपर्यंत येतोय. तो बिबट्याचं कातडं पांघरलेला वाघ झाला. शेजारी उभ्या असलेल्या स्त्रीला बिबट्याच्या पाठीवर हात ठेवायचा असेल तर हात जवळजवळ सरळ खाली सोडावा लागतो. कोपर काटकोनात वाकलं की प्राण्याचं माप चुकलं म्हणून समजा. कल्पनारम्य चित्र आहे, मोठा केला तर काय बिघडलं? काही नाही. पण मग इतका मोठा करा की ते मुद्दाम केलेलं दिसेल. थोडासा मोठा प्राणी कल्पनारम्य वाटत नाही, चुकलेला वाटतो.

१६ बाय २० मध्ये दोन्ही चेहरे नीट हवे असतील तर तिला उभी ठेवूच नका. एक गुडघा टेकून किंवा कातळावर बसवा. बिबट्या मागच्या पायांवर बसलेला असला की त्याचं डोकं तिच्या खांद्याजवळ येतं आणि हात आपोआप मानेमागे जातो. फोटो काढताना बिबट्याच्या जागी गादीची वळकटी उभी करा आणि मैत्रिणीला तिच्यावर खरोखर रेलायला सांगा. टेकल्याचं नाटक केलेला खांदा आणि खरंच टेकलेला खांदा यांत फार फरक असतो. टेकल्यावर दुसरा खांदा वर जातो, मानेचा स्नायू सैल पडतो, कंबर एका बाजूला सरकते. वजन कुणाचं कुणावर आहे हे पाहणाऱ्याला कळलं की अर्धं चिकटवलेपण गेलं.

मग तो हात. बिबट्याच्या पाठीवरचे केस आखूड असतात, गळ्याखाली आणि पोटाशी लांब. म्हणजे पाठीवर ठेवलेल्या हाताची बोटं बहुतेक पूर्ण दिसतील, पण मानेच्या बाजूला, गालामागे रुतवलेल्या हाताची टोकं केसांत गडप होतील. तुम्ही मान निवडली आहे, तेव्हा नखं विसरा. पेरांच्या पुढे केसांचे झुबके बोटांवर चढवा, दोन बोटांच्या मधून एखादा झुबका बाहेर काढा. बोटं ज्या दिशेने दाबतात त्याच्या पुढे केस उभे राहतात आणि मागे चपटे होतात. तळहाताखाली एक बारीक, गडद, उबदार सावली द्या: बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) थोडा अलिझरिन (गडद लाल), काळा नाही. ही सावली हाताला खिळा मारल्यागत जागेवर बसवते. त्यानंतर बिबट्याच्या अंगाचा पिवळसर उजेड तिच्या मनगटाच्या खालच्या बाजूला पडलेला दाखवा. हलकासाच, पण दाखवा.

रंगांच्या बाबतीत आपल्याला एक सोय आहे. आपल्याकडची गव्हाळ किंवा सावळी कांती आणि बिबट्याचं अंग हे दोन्ही यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनाच्या घरातले. तेव्हा दोघांसाठी वेगळी पॅलेट लावू नका. ऑकर, सिएना, अलिझरिन, अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर आणि टायटॅनियम व्हाइट एवढ्यात दोन्ही होतात. ट्यूबमधला तयार ‘फ्लेश टिंट’ पिशवीतच राहू द्या. अडचण एवढीच की मग हात फरमध्ये हरवू शकतो. तिथे फरक उजेड-अंधाराने करू नका, रंगाच्या उष्णतेने, म्हणजे उबदार-थंड छटांनी करा: बोटांच्या सांध्यांवर लालसर, फर पिवळसर, आणि सावलीत गेलेलं पांढरं पोट व गळा निळसर-करडा. बिबट्याचं पोट पांढरं आहे म्हणून सरळ पांढरा लावलात तर ते पोट चित्राबाहेर उडी मारेल.

फर गालिच्यासारखी का झाली, ते सरळ आहे: तुम्ही केस आधी काढलेत. सगळीकडे, सारख्या लांबीचे, सारख्या जाडीचे, एकाच बारीक ब्रशने. केस हा शेवटचा थर. आधी बिबट्याला केसच नाहीत असं धरून नुसतं शरीर रंगवा. मोठा फ्लॅट ब्रश, उजेड आणि सावलीचे मोठे भाग, खांद्याचा गोळा, बरगड्यांचा फुगवटा. मग ठिपके. बिबट्याच्या पाठीवर आणि कुशीवर तुटक वलयं असतात, आतला रंग बाहेरच्या अंगापेक्षा जरा गडद. वलयाच्या आत ठिपका काढलात की तो दक्षिण अमेरिकेतला जॅग्वार झाला. डोक्यावर आणि पायांवर भरीव ठिपके येतात, गळ्याखाली ते जुळून पट्ट्यांसारखे दिसतात. अंग जिथे वळतं तिथे वलयंही अरुंद होत जातात. तुमची सगळी वलयं समोरून बघितल्यासारखी गोल आहेत. चादरीवरची नक्षी अशी दिसते, अंगावरची नाही.

ठिपका काळा नसतो हेही एकदा फोटोत नीट बघा. उन्हातला ठिपका तपकिरी, त्यावर आकाशाची किंचित निळी चमक. पुष्कळदा उन्हातला ठिपका आणि सावलीतलं पिवळं अंग यांची गडदता फार जवळ येते. मोबाइलवर दोन्हींचे फोटो काळे-पांढरे करून शेजारी ठेवा, लगेच दिसेल. काळा बिबट्या रंगवायचा मोह पुढे होईलच, म्हणून सांगून ठेवतो: तोही बिबट्याच, फक्त रंगद्रव्य जास्त, तिरप्या उजेडात त्याचीही वलयं दिसतात.

आता केस, आणि तेही तीनच जागी: अंगाच्या बाहेरच्या कडेला, उजेड सावलीत वळतो त्या पट्ट्यात, आणि ठिपक्यांच्या काठावर. भर उजेडात आणि गडद सावलीत काहीही काढू नका, पाहणाऱ्याचा डोळा ते स्वतः भरून घेतो. दिशा चुकवू नका. नाकावरचे केस कपाळाकडे जातात आणि जेमतेम दिसतात, गालावरचे बाहेर-खाली, मानेवरचे मागे, पुढच्या पायावरचे खाली. जुना, पसरलेला फिल्बर्ट (गोलसर टोकाचा चपटा) ब्रश यासाठी नव्या फॅन (पंख्याच्या आकाराच्या) ब्रशपेक्षा चांगला. फॅन ब्रशचा ठसा सगळीकडे सारखा उमटतो, आणि तुमच्या बिबट्याच्या कुशीवर तो मला इथूनही ओळखता येतोय.

तिची कांती मात्र तुम्ही अगदी गुळगुळीत घोटली आहे. ही आपल्याकडची जुनी हौस. चित्रकार रघुवीर मुळगावकरांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आणि कॅलेंडरांवर एअरब्रशने जी नितळ कांती आणली तिने दोन पिढ्यांचे डोळे घडवले, माझेही. पण त्यांच्या चित्रात सगळंच त्या एका भाषेत असतं. तुमच्यात ती मुळगावकरी आणि बिबट्या खरखरीत. तिच्या दंडावर, कपाळावर ब्रशचे फटकारे राहू द्या आणि बिबट्याचा सावलीतला भाग घोटा. दोघांनी अर्ध्या वाटेवर भेटायला हवं.

दोन चेहऱ्यांत कोण जिंकणार तेही ठरवा. सध्या दोघंही सरळ आपल्याकडे बघतात, दोघांच्याही डोळ्यांत पांढरी चमक आहे. मराठी माणसासमोर स्त्री, शेजारी वाघ-बिबट्या आणि दोघांची समोर रोखलेली नजर आली की तो मनातल्या मनात चपला काढतो. रविवर्म्यांचा छापखाना मुंबईहून आपल्या मळवलीला आला आणि तिथून देवादिकांच्या तसबिरी घरोघर गेल्या, तेव्हापासून हे डोळ्यांत बसलेलं आहे. देवी रंगवायची असेल तर उत्तमच. नसेल तर तिला पाऊण चेहऱ्यात वळवा. प्राण्याचे डोळे माणसाची नजर फार जोरात ओढतात, म्हणून बिबट्याने आपल्याकडे बघितलं आणि तिने दुसरीकडे, तर चित्र बिबट्याचं होतं. तिचं हवं असेल तर त्याचा चेहरा अर्धा सावलीत टाका आणि त्याची नजर तिकडे वळवा जिकडे ती बघते आहे. मला हा दुसरा पर्याय आवडतो. दोघांनाही एकच गोष्ट दिसली आहे आणि आपल्याला ती दिसत नाही, यातून कथा सुरू होते.

पोशाखासाठी नेट बंद करा आणि बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दोन तास घालवा. शस्त्रं तर आहेतच, पण अडकित्ते, दिवे, कुलपं यांवरची नक्षीही बघा. खांद्याच्या पत्र्यावर किंवा कंबरपट्ट्यावर घालायला तिच्यापेक्षा चांगलं काही सापडणार नाही. काष्टा घातलेलं नऊवारी लढायला, घोड्यावर बसायला सोयीचं, शिवाय त्याच्या घड्या रंगवायला सुंदर. वरून साखळ्यांचं चिलखत किंवा नुसता कातडी पट्टा. ढाल काढलीत तर काळी, गोल, चार उठावदार फुल्यांची. दांडपट्ट्याचा मोह होईल, पण त्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते आणि आत मुठीने आडवा दांडा धरावा लागतो, त्या हाताने कुणाला कुरवाळता येत नाही. तो उजव्या हातात द्या किंवा त्याऐवजी ‘विटा’ नावाचं शस्त्र द्या: मनगटाला दोरी बांधलेला फेकायचा भाला. तिरका धरला तर रचनेला एक छान कर्णरेषा मिळते. कल्पनेसाठी एकच गोष्ट राखून ठेवा: विचित्र चंद्र, किंवा धातूचा न पाहिलेला रंग. सगळंच अद्भुत केलं की कशाचंच नवल वाटत नाही. आणि धातूला स्वतःचा रंग नसतो, तो शेजाऱ्यांचा घेतो. तिच्या दंडकड्यात बिबट्याचा पिवळा एका फटकाऱ्यात आला पाहिजे.

हाच कॅनव्हास वाचवता येईल. हात आणि त्याच्या भोवतीचा वीतभर भाग पूर्ण वाळला असेल तर उंचवटे सुरीने हलके खरवडा, त्यावर लिन्सीडचा (जवसाच्या तेलाचा) अगदी पातळ थर फिरवून पुसून घ्या आणि तिथून सुरू करा. खालच्या थरात आयव्हरी ब्लॅक वापरू नका, तो फार सावकाश वाळतो आणि वरचा थर आधी वाळला तर भेगा पडतात. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून केलेला गडद रंग घ्या, अंबरमधल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो, पावसाळ्यातही. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वर जाताना तेल वाढवत न्या. व्हार्निशला किमान सहा महिने थांबा.

बिबट्याची उंची या कॅनव्हासवर दुरुस्त होणार नाही, त्यासाठी त्याच्या पायांपुढे गवत किंवा कातळ आणून त्याला मागच्या पायांवर बसवून टाका. पुढचा फोटो पाठवाल तेव्हा फक्त हाताचा, जवळून काढलेला पाठवा. चेहरे बघितले, त्यांचं एवढं काही अडलेलं नाही.